मेटॅलिक ग्लासच्या पातळ फिल्म: पहिला भरवशाचा चुंबकीय लूप मिळेपर्यंत

एम.एस्सी.चा प्रकल्प असो की पीएच.डी.चं पहिलं वर्ष, "कोबाल्ट-लोह-बोरॉनची फिल्म करा आणि तिचे चुंबकीय गुणधर्म तपासा" एवढ्या एका वाक्यावर काम सुरू होतं. हा मिश्रधातू मेटॅलिक ग्लास आहे, म्हणजे ज्यात अणू स्फटिकासारखे रांगेत नसतात असा धातू. मग पेपर वाचायला घ्यावेत, तर जवळजवळ सारख्याच मिश्रधातूची कोअर्सिव्हिटी (चुंबकन शून्यावर आणायला लागणारं उलटं क्षेत्र) एकीकडे १ ओरस्टेडच्या (हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) आत असते आणि दुसरीकडे कितीतरी ओरस्टेड. नवखा विद्यार्थी इथेच बुचकळ्यात पडतो. खरं तर दोन्ही आकडे बरोबर असू शकतात. या फिल्मची कोअर्सिव्हिटी आणि अ‍ॅनिसोट्रॉपी (चुंबकनाला असलेली ठराविक दिशेची आवड) मिश्रधातूच्या सूत्रावरून थोडीच कळते. फिल्म कोणत्या दाबाला बसली, तिच्यात ताण किती राहिला, खाली-वर कोणता थर आहे, तुकडा कसा कापला आणि मोजताना यंत्रात किती क्षेत्र शिल्लक होतं, यावर ते आकडे ठरतात. म्हणून लूपचा (क्षेत्र पुढे-मागे फिरवताना मिळणाऱ्या चुंबकनाच्या आलेखाचा) अर्थ लावण्याआधी फिल्मची सगळी हकीकत आपल्या वहीत असली पाहिजे. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत. उदाहरण म्हणून सिलिकॉनवर स्पटरिंगने (आयनांच्या माऱ्याने टार्गेट नावाच्या धातूच्या चकतीतले अणू उडवून) बसवलेली कोबाल्ट ४०, लोह ४०, बोरॉन २० या प्रमाणातली २० नॅनोमीटरची फिल्म धरली आहे. सुरुवातीला हीच घ्या. ती सहज बनते आणि तिच्यावरचं लिखाणही भरपूर आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

१९६० साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये पोल ड्युवेझ यांच्या गटाने वितळलेलं सोनं-सिलिकॉनचं मिश्रण सेकंदाला सुमारे दहा लाख अंश या वेगाने थंड केलं. अणूंना रांगेत बसायला वेळच मिळाला नाही, आणि द्रवासारखी विस्कळीत रचना असलेला घन धातू हाती आला. त्याच सुमारास सोव्हिएत संघातले अलेक्झांडर गुबानोव्ह सैद्धांतिक बाजूने सांगत होते की लोहचुंबकत्वासाठी स्फटिकाची जाळी असायलाच हवी असं नाही, शेजारच्या अणूंच्या चुंबकांना एका दिशेत धरणारी एक्स्चेंज आंतरक्रिया पुरेशी आहे. १९६७ मध्ये ड्युवेझ यांच्याच प्रयोगशाळेतून लोह-फॉस्फरस-कार्बनचा अस्फटिकी लोहचुंबक पुढे आला. पुढे याच घराण्यातल्या पट्ट्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात आणि दुकानांतल्या चोरीरोधक टॅगमध्ये गेल्या. फिल्मना मोठं महत्त्व आलं ते २००५ नंतर. त्या वर्षी जपानमध्ये कोबाल्ट-लोह-बोरॉन आणि मॅग्नेशियम ऑक्साइडच्या टनेल जंक्शनमध्ये (दोन चुंबकीय थर आणि मध्ये पातळ विद्युतरोधक) सामान्य तापमानाला २३० टक्के मॅग्नेटोरेझिस्टन्स (चुंबकनाच्या दिशेनुसार विद्युतरोधात होणारा बदल) मिळाला. २०१० मध्ये तोहोकू विद्यापीठाने याच दोन पदार्थांच्या जोडीतून फिल्मला काटकोनात चुंबकन असलेलं ४० नॅनोमीटर व्यासाचं जंक्शन करून दाखवलं. आजच्या एमरॅम (चुंबकीय) मेमरीचा पाया तोच.

हे पदार्थ इतके मृदू चुंबक का असतात, हे एकदा नीट समजून घ्या. त्यावाचून पुढच्या पायऱ्या म्हणजे नुसती कृती वाटेल. स्फटिकात चुंबकनाला काही दिशा सोप्या असतात, काही अवघड. मेटॅलिक ग्लासमध्येही प्रत्येक अणूच्या भोवती अशी स्थानिक आवड असते, पण नॅनोमीटरभर सरकलं की ती दिशा बदलते. एक्स्चेंज आंतरक्रिया मात्र काही दशक नॅनोमीटरपर्यंतच्या सगळ्या अणूंना एका दिशेत धरून ठेवते. म्हणजे दोरी चहूबाजूंनी ओढली जावी आणि ती जागची हलू नये, तसं होतं: स्थानिक आवडी एकमेकींना जवळपास पूर्ण रद्द करतात. याला यादृच्छिक अ‍ॅनिसोट्रॉपीचं मॉडेल म्हणतात. अल्बेन, बेकर आणि ची यांनी ते १९७८ मध्ये अस्फटिकी धातूंसाठी मांडलं. पुढे हर्झर यांनी ते नॅनोस्फटिकी पदार्थांना लावलं आणि दाखवलं की कण एक्स्चेंज लांबीपेक्षा (एक्स्चेंज जिथवर दिशा एक ठेवते त्या अंतरापेक्षा) लहान असतील तर कोअर्सिव्हिटी कणाच्या आकाराच्या सहाव्या घाताने वाढते. कण दुप्पट झाला तर कोअर्सिव्हिटी चौसष्टपट! फिल्ममध्ये थोडं जरी स्फटिकीकरण झालं तरी लूप लगेच फुगतो, त्याचं कारण हेच.

स्थानिक अ‍ॅनिसोट्रॉपी अशी बाजूला झाली की मग उरलेल्या किरकोळ गोष्टी राज्य करू लागतात. त्यातली सगळ्यात मोठी म्हणजे ताण.

पायरी १: मिश्रधातू निवडताना मॅग्नेटोस्ट्रिक्शन आधी बघा

लोहप्रधान मेटॅलिक ग्लास जास्त चुंबकन देतात, पण त्यांची मॅग्नेटोस्ट्रिक्शन (चुंबकनामुळे लांबीत होणारा बदल) मोठी असते. कोबाल्टप्रधान मिश्रणात चुंबकन कमी, मात्र लोह आणि कोबाल्ट यांचं प्रमाण साधारण ५:९५ च्या आसपास आणलं की मॅग्नेटोस्ट्रिक्शन शून्यातून जाते. बाजारात मिळणाऱ्या दोन पट्ट्यांचे आकडे घेऊ. लोह-सिलिकॉन-बोरॉनच्या मेटग्लास २६०५एसए१ या पट्टीचं संपृक्त चुंबकन १.५६ टेस्ला आणि मॅग्नेटोस्ट्रिक्शन दहा लाखांत २७. कोबाल्टप्रधान २७१४ए चं चुंबकन ०.५७ टेस्ला आणि मॅग्नेटोस्ट्रिक्शन दहा लाखांत अर्ध्याहून कमी.

आता फिल्ममध्ये १०० मेगापास्कल ताण आहे असं धरा. स्पटर केलेल्या फिल्मसाठी हा आकडा मुळीच मोठा नाही. ताणामुळे येणारी अ‍ॅनिसोट्रॉपी म्हणजे मॅग्नेटोस्ट्रिक्शन गुणिले ताण, त्याची दीडपट. लोहवाल्या मिश्रणासाठी हा आकडा येतो सुमारे ४ किलोजूल प्रति घनमीटर, आणि त्याचं क्षेत्रात रूपांतर केलं तर ६५ ओरस्टेड. कोबाल्टवाल्या मिश्रणाला तोच ताण साडेतीन ओरस्टेडच्या वर नेत नाही. एवढा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर करून ठेवा. कोबाल्ट-लोह समप्रमाणात असलेल्या आपल्या फिल्मची मॅग्नेटोस्ट्रिक्शन धन आहे आणि लहानही नाही, म्हणून तिच्यावर ताणाचा परिणाम स्पष्ट दिसतो. शिकण्यासाठी ते चांगलंच आहे.

पायरी २: सबस्ट्रेट, चिमटा आणि कापणी

ही पायरी अनेकजण उरकून टाकतात आणि नंतर महिनाभर भुताच्या मागे धावतात.

सबस्ट्रेट म्हणून ऑक्साइडचा थर असलेला सिलिकॉन घ्या. सूक्ष्मदर्शकाची साधी काचपट्टी स्वस्त असते, पण तिच्यात लोहाची अशुद्धी असते. तापमान खाली नेलं की त्या लोहाचा पॅरामॅग्नेटिक सिग्नल वर येतो आणि फिल्मचाच गुणधर्म वाटतो. धुण्याचा क्रम नेहमीचा: अ‍ॅसिटोन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग डीआय (आयनमुक्त) पाणी, शेवटी कोरडा नायट्रोजन.

चिमटा प्लास्टिकचा किंवा सिरॅमिकचा वापरा. स्टीलच्या चिमट्याने कड धरली की डोळ्यांना न दिसणारे लोहकण तिथे चिकटतात. आपल्या अख्ख्या फिल्मचं वजनच बघा ना: ५ मिलिमीटर बाय ५ मिलिमीटर तुकड्यावरची २० नॅनोमीटर फिल्म म्हणजे जेमतेम ४ मायक्रोग्रॅम धातू. स्टीलचा एक मायक्रोग्रॅमचा कण कडेला राहिला तर तो सिग्नलमध्ये चांगलाच वाटेकरी होतो, आणि त्याचा लूप आपल्या लूपवर चढून बसतो. डायमंड स्क्राइबने कापताना खाली लोखंडी पट्टी ठेवू नका. कापून झाल्यावर कडा एकदा धुवा. वाकलेल्या, कमरेशी आवळलेल्या आकाराचा लूप आला, तर "दोन चुंबकीय अवस्था" असा निष्कर्ष काढण्याआधी कडा आठवा.

आणि एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. प्रत्येक खेपेत एक कोरा सबस्ट्रेट बाजूला ठेवा. तो पुढे मोजायचा आहे.

पायरी ३: स्पटरिंग

फिल्मच्या बाबतीत एक मोठी सोय आहे. वाफेतून आलेला अणू थंड सबस्ट्रेटवर बसतो तेव्हा त्याची ऊर्जा जवळपास तत्क्षणी निघून जाते, म्हणून जी मिश्रणं पट्टीच्या रूपात काच होत नाहीत तीही फिल्ममध्ये होतात. बोरॉन २० टक्के असताना आपली फिल्म खोलीच्या तापमानाला विनातक्रार अस्फटिकी बसते.

अडचण टार्गेटची असते. टार्गेट स्वतःच लोहचुंबक असल्यामुळे मॅग्नेट्रॉनचं (स्पटरिंग गनमधल्या चुंबकांचं) क्षेत्र त्याच्या आतूनच वळून जातं आणि वर प्लाझ्मा धरून ठेवायला फारसं क्षेत्र उरत नाही. टार्गेट १ ते ३ मिलिमीटर इतकंच जाड घ्या, आणि गनमध्ये तीव्र चुंबक आहेत का ते विचारून घ्या. प्लाझ्मा पेटतच नसेल तर बहुधा कारण हेच असतं, वीजपुरवठ्याला दोष देऊ नका.

बेस प्रेशर एका टॉरच्या एक कोट्यंशापर्यंत तरी न्या. बोरॉन आणि लोह दोघंही ऑक्सिजनला हपापलेले असतात. शटर बंद ठेवून टार्गेटचा वरचा थर आधी उडवून टाका, मग शटर उघडा. आर्गॉनचा दाब ३ ते ५ मिलिटॉरपासून सुरू करा. दाब कमी असला की अणू जोरात आदळतात, फिल्म घट्ट होते आणि तिच्यात दाबून धरणारा (कॉम्प्रेसिव्ह) ताण राहतो. दाब वाढवत नेला की ताण ओढीचा होतो आणि पुढे फिल्म खांबांसारखी सुटी सुटी वाढू लागते. अशा खांबांमुळे फिल्मच्या पृष्ठाला काटकोनातली अ‍ॅनिसोट्रॉपी तयार होते आणि लूप तिरका, लांबट होतो. पहिल्याच महिन्यात एकाच जाडीच्या चार फिल्म चार वेगवेगळ्या दाबांना करून बघा. ताण आणि चुंबकत्व यांचं नातं त्या चार लूपमधून जितकं डोक्यात बसतं तितकं वाचून बसत नाही.

खाली ३ ते ५ नॅनोमीटर टँटलम आणि वर तेवढंच टँटलम किंवा रुथेनियम द्या. वरचं झाकण नसेल तर फिल्म हवेत आली की लगेच तिचा वरचा नॅनोमीटर-दोन नॅनोमीटर भाग ऑक्साइड होतो.

सबस्ट्रेट फिरवला की नाही, आणि नसेल तर त्याची कोणती कड गनकडे होती, हे लिहून ठेवा. गनच्या चुंबकांचं भटकं क्षेत्र फिल्म वाढत असताना तिच्यावर पडतं आणि त्या दिशेला सोपा अक्ष तयार करून ठेवतं. नमुन्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने बाण काढा. मार्करची शाई नको, तिच्या रंगद्रव्यात लोहाचे ऑक्साइड असू शकतात.

पायरी ४: फिल्म खरंच काच आहे का?

ग्रेझिंग इन्सिडन्स एक्सआरडी (पृष्ठाला जवळपास घासून जाणाऱ्या एक्स-किरणांचं विवर्तन) करा, आपाती कोन अर्धा ते एक अंश. तांब्याच्या एक्स-किरणांनी ४५ अंशांच्या आसपास एक रुंद उंचवटा दिसेल. तांब्याच्या किरणांनी लोह आणि कोबाल्ट स्वतःच चमकू लागतात आणि पार्श्वभूमी वर उचलली जाते. डिटेक्टरला ऊर्जा निवडता येत असेल तर ती सोय वापरा, नसेल तर कोबाल्टची नळी आहे का ते पाहा. नेहमीच्या पद्धतीने स्कॅन घेतलात आणि ३३ किंवा ६९ अंशांजवळ टोकदार शिखर आलं, तर दचकू नका, ते सिलिकॉनचं आहे.

रुंद उंचवटा आला म्हणजे फिल्म अस्फटिकी, असं मात्र लगेच लिहू नका. २ नॅनोमीटरचे स्फटिककण असले तरी शेररच्या सूत्राने शिखराची रुंदी ४ अंशांच्या वर जाते, आणि असं शिखर उंचवट्यासारखंच दिसतं. "एक्सआरडीनुसार अस्फटिकी" एवढंच म्हणणं प्रामाणिक. नक्की सांगायचं असेल तर टीईएममध्ये (पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) इलेक्ट्रॉन डिफ्रॅक्शन घ्या.

जाडीसाठी एक्सआरआर (एक्स-किरणांचं परावर्तन). २० नॅनोमीटर फिल्मच्या लाटा तांब्याच्या किरणांनी टू-थीटावर सुमारे ०.४४ अंशांच्या अंतराने येतात. वेग गुणिले वेळ असं करून काढलेली जाडी पेपरात देऊ नका. टार्गेट झिजतं तसा वेग बदलतो, आणि जाडीतली १० टक्के चूक चुंबकनात थेट १० टक्के चूक म्हणून उतरते.

रचनेबद्दल एकच सूचना. ईडीएसला (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातल्या एक्स-किरण विश्लेषणाला) बोरॉन नीट दिसत नाही. बोरॉनचं प्रमाण टार्गेटच्या डबीवर लिहिलेलं असतं तेच फिल्ममध्ये असेल असंही नाही. एक्सपीएस, सिम्स किंवा फिल्म विरघळवून आयसीपी, यातलं जे मिळेल ते एका तरी नमुन्यावर करून घ्या.

पायरी ५: व्हीएसएममध्ये नमुना ठेवण्याआधी हिशेब

आता मुख्य काम. व्हीएसएम म्हणजे नमुना कंपवून त्याचं चुंबकन मोजणारं यंत्र. यंत्रापुढे बसण्याआधी सिग्नल किती येणार हे कागदावर काढा.

तुकडा ५ बाय ५ मिलिमीटर, जाडी २० नॅनोमीटर. चुंबकन सोयीसाठी १००० इमू (चुंबकीय मोमेंटचं एकक) प्रति घनसेंटिमीटर धरू. फिल्मचा एकूण मोमेंट येतो ५०० मायक्रोइमू. खाली अर्धा मिलिमीटर जाडीचा सिलिकॉन आहे. तो डायमॅग्नेटिक, म्हणजे उलट्या दिशेने बोलणारा. १ टेस्ला क्षेत्रात त्याचा मोमेंट येतो उणे ४० मायक्रोइमूच्या आसपास. चांगल्या व्हीएसएमला १ मायक्रोइमूपर्यंत दिसतं, स्क्विडला (अतिवाहक चुंबकमापीला) त्याहून शंभरपट बारीक. म्हणजे २० नॅनोमीटरला काळजी नाही. हीच फिल्म २ नॅनोमीटरची केली तर तिचा मोमेंट ५० मायक्रोइमू, आणि सबस्ट्रेट तिच्या तोडीस तोड! तिथे कोऱ्या सबस्ट्रेटचं मोजमाप नसेल तर सगळं अंदाजावर चालतं.

सबस्ट्रेटचा उतार वजा करताना फक्त उच्च क्षेत्रातला सरळ भाग वापरा, आणि फिल्म तिथे खरोखर संपृक्त झाली आहे याची खात्री असेल तरच. फिल्मच्या पृष्ठाला समांतर मोजताना ही अट सहज पुरी होते. काटकोनात मोजत असाल तर फिल्मला उभं करायला सुमारे १२.६ किलोओरस्टेड लागतात (चुंबकन १००० इमू धरून). तुमचं यंत्र १० किलोओरस्टेडलाच थांबत असेल, तर दिसणारा उतार सबस्ट्रेटचा नसून फिल्मच्या स्वतःच्या विचुंबकन क्षेत्राचा आहे. तो वजा केला तर फिल्मच वजा झाली.

नमुना धरायला क्वार्ट्झची दांडी किंवा पट्टी आणि अगदी थोडं डिंकासारखं व्हर्निश. नुसती दांडी, मग दांडी अधिक कोरा सबस्ट्रेट, मग नमुना, अशी तीन मोजमापं त्याच दिवशी घ्या. कॅलिब्रेशनसाठी निकेलची पातळ पट्टी घ्या, शक्यतो नमुन्याच्याच आकाराची. निकेलच्या गोळीने केलेलं कॅलिब्रेशन चपट्या नमुन्याला हुबेहूब लागू पडत नाही, कारण पिकअप कॉइलना नमुन्याचा आकार कळतो.

क्षेत्रफळ कसं काढायचं? पट्टी लावून काढलेलं क्षेत्रफळ वाकड्यातिकड्या तुकड्याला दगा देतं. सबस्ट्रेटची जाडी माहीत असेल तर तुकड्याचं वजन करा. सिलिकॉनची घनता २.३३ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, त्यामुळे आपला तुकडा २९ मिलिग्रॅमच्या जवळपास भरतो. वजनावरून क्षेत्रफळ एक-दोन टक्क्यांत मिळतं.

आता कोअर्सिव्हिटी. चांगल्या फिल्मची ती काही ओरस्टेड किंवा त्याहूनही कमी असते. अतिवाहक चुंबकाच्या यंत्रात मोठ्या क्षेत्रावरून खाली आलात की पडद्यावर शून्य दिसत असताना आत दहा-वीस ओरस्टेड अडकलेले असतात. त्या यंत्रातून आलेली "कोअर्सिव्हिटी १५ ओरस्टेड" ही फिल्मची नसून चुंबकाची असू शकते. संशय आला तर पॅलेडियमचा नमुना त्याच क्रमाने मोजा. पॅलेडियमला कोअर्सिव्हिटी नसते, त्यामुळे त्याच्या लूपमध्ये जी फट दिसेल ती यंत्राची. मृदू फिल्मसाठी माझं मत स्पष्ट आहे: संपृक्त चुंबकन व्हीएसएमवर किंवा स्क्विडवर घ्या, आणि कोअर्सिव्हिटी हेल्महोल्ट्झ कॉइल लावलेल्या मोक यंत्रावर (ते परावर्तित प्रकाशातून चुंबकन वाचतं). मोकला फिल्मचा वरचा १०-२० नॅनोमीटरच दिसतो आणि तो मोमेंटचा आकडा देत नाही, पण क्षेत्र हळूहळू, ओरस्टेडच्या दशांशात फिरवता येतं. अशा मोजमापात पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र, आपल्याकडे सुमारे ०.४ ओरस्टेड, दुर्लक्ष करण्याजोगं राहत नाही.

एका नमुन्यावरून चुंबकन जाहीर करू नका. ५, १०, २० आणि ४० नॅनोमीटरच्या चार फिल्म करा आणि प्रत्येकीचा मोमेंट भागिले क्षेत्रफळ जाडीविरुद्ध मांडा. समजा आकडे आले ४५०, ९५०, १९५० आणि ३९५० मायक्रोइमू प्रति चौरस सेंटिमीटर. बिंदू एका सरळ रेषेत आहेत आणि रेषेचा उतार १००० इमू प्रति घनसेंटिमीटर आहे. रेषा मात्र शून्यातून जात नाही, जाडीच्या अक्षाला ०.५ नॅनोमीटरवर छेदते. तो अर्धा नॅनोमीटर म्हणजे मृत थर, टँटलममध्ये मिसळून चुंबकत्व हरवलेला भाग. फक्त ५ नॅनोमीटरचा नमुना मोजला असता तर चुंबकन ९०० आलं असतं आणि "पातळ फिल्ममध्ये चुंबकन घटतं" असा निष्कर्ष निघाला असता. या एका आलेखाने कितीतरी चुकीचे निष्कर्ष वाचतात. तो प्रत्येक प्रबंधात असावा असं मला मनापासून वाटतं.

पायरी ६: दिशा फिरवून बघा

नमुन्यामागचा बाण आता कामाला येतो. फिल्मच्या पृष्ठाला समांतर क्षेत्र ठेवून दर १० अंशांनी लूप घ्या. सोप्या अक्षावर लूप चौकोनी येतो, त्याला काटकोनात तो बंद आणि तिरकी रेषा होतो. ती रेषा जिथे संपृक्ततेला टेकते ते अ‍ॅनिसोट्रॉपी क्षेत्र. चुंबकन गुणिले हे क्षेत्र, भागिले दोन, म्हणजे अ‍ॅनिसोट्रॉपीची ऊर्जा. ३० ओरस्टेड आणि १००० इमू असतील तर १५,००० अर्ग प्रति घनसेंटिमीटर.

अवघड अक्षावरही लूप उघडाच राहिला, तर फिल्ममध्ये सोप्या अक्षाची दिशा जागोजागी थोडी बदलते आहे असं समजा. ताण असमान असणं हे त्याचं नेहमीचं कारण.

एफएमआरची (लोहचुंबकीय अनुनाद मोजण्याची) सोय असेल तर हाच आकडा दुसऱ्या वाटेने तपासता येतो. वरच्या आकड्यांवरून किटेलचं सूत्र बाहेरचं क्षेत्र शून्य असताना सुमारे १.७ गिगाहर्ट्झ वारंवारता देतं. लूपमधून आणि अनुनादातून आलेली अ‍ॅनिसोट्रॉपी जुळली, तर निर्धास्त पुढे जा. एफएमआरच्या रेषेची रुंदी डॅम्पिंग (चुंबकनाचं डोलणं किती लवकर शमतं ते) सांगते, तो विषय वेगळा आणि मोठा आहे.

पायरी ७: तापवणं

मेटॅलिक ग्लास ही तात्पुरती स्थिती आहे. तापवलं की आधी अणू जागच्या जागी थोडे सावरतात, ताण उतरतो आणि बहुधा कोअर्सिव्हिटी कमी होते. आणखी तापवलं की स्फटिक पडू लागतात आणि ती झपाट्याने वाढते. २०० अंश सेल्सिअसपासून ५० अंशांच्या टप्प्यांनी वर जा, प्रत्येक तापमानाला नवा तुकडा घ्या. एकच तुकडा पुन्हा पुन्हा तापवला तर कोणत्या तापमानाने काय केलं ते वेगळं काढता येत नाही. निर्वात चांगला हवा, नाहीतर झाकण असूनही कडांकडून ऑक्सिजन शिरतो.

तापवताना क्षेत्र लावलं तर सोपा अक्ष त्या दिशेला वळतो. भट्टी थंड होईपर्यंत क्षेत्र बंद करू नका.

टनेल जंक्शनमध्ये हेच स्फटिकीकरण मुद्दाम घडवून आणतात. ३०० अंशांच्या पुढे बोरॉन फिल्ममधून बाहेर पडतो, शेजारच्या टँटलमकडे जातो, आणि उरलेलं कोबाल्ट-लोह मॅग्नेशियम ऑक्साइडच्या जाळीवर बेतून स्फटिक होतं. तुमच्या फिल्मचं स्फटिकीकरणाचं तापमान झाकणाच्या धातूवर अवलंबून का निघतं, त्याचं उत्तर यात आहे.

क्यूरी तापमान (ज्याच्या वर लोहचुंबकत्व संपतं ते) मोजायचं ठरवलंत तर आधी ते स्फटिकीकरणाच्या खाली आहे का ते पाहा. वरच्या लोह-सिलिकॉन-बोरॉन पट्टीत क्यूरी तापमान ४०० अंशांच्या किंचित खाली आणि स्फटिकीकरण ५०० अंशांच्या किंचित वर, त्यामुळे तिथे जमतं. कोबाल्ट भरपूर असलेल्या अनेक मिश्रणांत क्रम उलटा असतो. तिथे तापमान वाढवत चुंबकन शून्यावर नेण्याच्या नादात मोजायची काचच संपलेली असते. अशा वेळी कमी तापमानाची मोजमापं घेऊन ब्लॉखच्या तीन-द्वितीयांश घाताच्या नियमाने एक्स्चेंजचा अंदाज घ्या.

मोजमाप कुठे करून घ्याल

महाविद्यालयात ही सगळी यंत्रं नसतात, आणि त्याने अडूनही राहत नाही. आयआयटी मुंबईच्या सैफ केंद्रासारख्या सामायिक सुविधांमध्ये बाहेरच्या विद्यार्थ्यांचे नमुने शुल्क घेऊन तपासले जातात. इंदूरला मुख्यालय असलेल्या यूजीसी-डीएई कन्सोर्शियमकडे विद्यापीठांतल्या संशोधकांना प्रस्ताव पाठवता येतात. त्याच्या मुंबई केंद्राचं काम भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या न्यूट्रॉन सुविधांशी जोडलेलं आहे. तिथल्या ध्रुव अणुभट्टीवर पोलराइज्ड न्यूट्रॉन रिफ्लेक्टोमीटर आहे, आणि मृत थर नेमका वर आहे की खाली हे विचारायचं असेल तर त्याच्यासारखं साधन नाही. कारण ते खोलीनुसार चुंबकन दाखवतं. नैसर्गिक बोरॉनमधला पाचवा हिस्सा बोरॉन-१० असतो आणि तो न्यूट्रॉन भराभर गिळतो, हे प्रस्तावात आणि नंतर फिटिंगमध्येही धरा.

बाहेर नमुना पाठवताना डबीवर नुसतं "एस-३" लिहून चालत नाही. थरांचा क्रम, एक्सआरआरवरून काढलेली जाडी, तुकड्याचं वजन, सोप्या अक्षाचा बाण, अपेक्षित मोमेंट आणि कोणत्या क्षेत्रापर्यंत किती बारीक पावलांनी मोजायचं, एवढं एका कागदावर लिहून सोबत ठेवा. शून्याच्या आजूबाजूला ५० ओरस्टेडपर्यंत पाव ओरस्टेडची पावलं मागा, नाहीतर ऑपरेटर सवयीप्रमाणे १०० ओरस्टेडच्या पावलांनी लूप देतात आणि मृदू फिल्मचा सगळा लूप दोन बिंदूंच्या मध्ये हरवतो. त्याच डबीत, त्याच खेपेचा कोरा सबस्ट्रेटही पाठवा.